औषधाच्या नावातला उंदीर

सकाळची वेळ. कर्करोग विभागाच्या डे-केअर कक्षात खाटांवर रुग्णांना सलाईन लागलेली असते. परिचारिका एका रुग्णाच्या केसपेपरवरचे नाव आणि हातातल्या छोट्या बाटलीवरचे नाव पुन्हा एकदा ताडून पाहते आणि बाटलीतले औषध सलाईनमध्ये मिसळते. बाटलीवर लिहिलेले असते ‘निवोलुमॅब’. रुग्ण पन्नाशीतला, वीस-पंचवीस वर्षे तंबाखू चघळलेला. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, तरी आजार उलटला. नातेवाइकांना एवढेच ठाऊक असते, की हे इंजेक्शन केमोपेक्षा वेगळे आहे, महाग आहे आणि डॉक्टर त्याला ‘इम्युनोथेरपी’ म्हणतात.

या औषधाच्या नावात एक उंदीर दडलेला आहे, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते.

शेवटची दोन-तीन अक्षरे

ज्या औषधांची नावे ‘मॅब’ने संपतात, ती सगळी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी असतात. आपल्या शरीरात जंतू शिरला, की पांढऱ्या पेशी त्याला नेमके चिकटणारे प्रथिन तयार करतात, तेच प्रतिपिंड. कारखान्यात एकाच साच्याची, एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडे बनवली, की ती ‘मोनोक्लोनल’ ठरतात. अशी प्रतिपिंडे बनवण्याची रीत जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधली. उंदराला हवा तो पदार्थ टोचायचा, त्याच्या प्लीहेतल्या प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी काढायच्या आणि कर्करोगाच्या अमर पेशींशी त्यांचे मीलन घडवायचे. अशी संकरित पेशी वाढतही राहते आणि प्रतिपिंडही बनवत राहते. या शोधाला १९८४ चे नोबेल मिळाले.

पहिले असे औषध १९८६ मध्ये मूत्रपिंडरोपणाच्या रुग्णांसाठी बाजारात आले. ते निव्वळ उंदराचे प्रतिपिंड होते आणि तिथेच पंचाईत झाली. माणसाचे शरीर उंदराच्या प्रथिनाला परके समजते. काही दिवसांतच रुग्णाच्या रक्तात त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार होत. दुसऱ्या खेपेला औषध लागू पडेना, शिवाय तीव्र प्रतिक्रियेचा धोका.

शास्त्रज्ञांनी या प्रतिपिंडातला उंदीर हळूहळू कमी करत नेला. त्या प्रवासाची नोंद औषधांच्या नावांत आहे. ‘मॅब’च्या आधी ‘ओ’ असेल तर प्रतिपिंड पूर्ण उंदराचे. ‘क्सि’ असेल तर अर्धे-मुर्धे, उंदीर आणि माणूस जोडलेले, उदाहरणार्थ रक्ताच्या काही कर्करोगांत वापरले जाणारे रिटुक्सिमॅब. ‘झु’ असेल तर बहुतांश मानवी, उदाहरणार्थ स्तनांच्या कर्करोगातले ट्रॅस्टुझुमॅब. आणि नुसता ‘उ’ असेल तर पूर्ण मानवी, जसे निवोलुमॅब. २०१७ पासून नव्या औषधांना नावे देताना ही अक्षरे वापरणे बंद झाले, पण जुनी नावे तशीच राहिली.

गंमत अशी, की निवोलुमॅबचे हे ‘पूर्ण मानवी’ प्रतिपिंड ज्याच्या शरीरात प्रथम तयार झाले, तोही उंदीरच होता. मात्र तो साधा उंदीर नव्हता. त्याची जनुके माणसाने बदललेली होती.

उंदीरच का?

प्रयोगशाळेतला उंदीर म्हणजे आपल्या धान्याच्या कोठीत शिरणारा उंदीर नव्हे. त्याचे पूर्वज हौशी लोकांनी पाळलेले रंगीबेरंगी उंदीर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रॅनबी गावी अ‍ॅबी लॅथ्रॉप नावाच्या निवृत्त शिक्षिका विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे उंदीर पाळून विकत असत. हार्वर्डच्या संशोधकांनी त्यांच्याकडून उंदीर घेतले. क्लॅरेन्स लिटल या तरुण शास्त्रज्ञाने पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांचाच संकर करून असे वाण तयार केले, की त्यातले सगळे उंदीर जुळ्या भावंडांसारखे एकसारखे व्हावेत. आज जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या काळ्या उंदरांच्या वाणाचे मूळ लॅथ्रॉपबाईंच्या उंदरांपर्यंत पोहोचते. लिटल यांनी १९२९ मध्ये स्थापन केलेली जॅक्सन प्रयोगशाळा आजही जगाला उंदीर पुरवते.

उंदराची गर्भावधी १९ ते २१ दिवसांची. सहा ते आठ आठवड्यांत पिल्लू वयात येते. आयुष्य दोन-तीन वर्षांचे, म्हणजे जन्मापासून म्हातारपणापर्यंतचा सारा प्रवास संशोधकाला पाहता येतो. वजन पंचवीस-तीस ग्रॅम, खाणे थोडे, जागा थोडी. आणि २००२ मध्ये उंदराचा जनुकसंच वाचून झाला तेव्हा स्पष्ट झाले, की माणसाच्या बहुतेक जनुकांचा जोडीदार उंदराकडे आहे. उंदीर आणि माणूस यांचे पूर्वज सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी हृदय, यकृत, रक्त, प्रतिकारशक्ती यांची मूळ मांडणी दोघांत सारखीच राहिली.

जनुक काढून बघायचे

माणसात सुमारे २० हजार प्रथिने बनवणारी जनुके आहेत. एखादे जनुक नेमके काय काम करते, हे ओळखण्याचा सरळ मार्ग म्हणजे ते बंद करून काय बिघडते ते पाहणे. घरातल्या मेन बोर्डवर कुठले बटण कशाचे हे कळत नसेल, तर आपण एकेक बटण बंद करून पाहतो, तसेच. पण जिवंत प्राण्याच्या अब्जावधी पेशींपैकी प्रत्येकीतले एकच जनुक कसे बंद करायचे?

जनुक घालणे तुलनेने आधी जमले. १९८० च्या सुमारास उंदराच्या फलित बीजांडात बाहेरचे जनुक टोचण्याची युक्ती सापडली. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड पामिटर आणि राल्फ ब्रिन्स्टर यांच्या गटांनी घुशीच्या जातीतल्या मोठ्या उंदराचे, ज्याला इंग्रजीत रॅट म्हणतात त्याचे, वाढ-संप्रेरकाचे जनुक लहान उंदरात घातले. ती पिल्ले भावंडांच्या जवळपास दुप्पट झाली. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ही कल्पना नवी नाही. बीटी कापसात जिवाणूचे जनुक घातलेले असते, तोच हा प्रकार. पण यात जनुक कुठे जाऊन बसेल यावर ताबा नव्हता.

नेमके ठरलेले जनुक गाठण्याचा ध्यास घेतला मारिओ कापेकी यांनी. इटलीत जन्मलेले कापेकी दुसऱ्या महायुद्धात आईपासून दुरावले आणि लहान वयात काही वर्षे रस्त्यावर, अनाथालयांत वाढले. युद्धानंतर आईने त्यांना शोधून काढले आणि दोघे अमेरिकेला गेले. १९८० मध्ये त्यांनी नेमके जनुक बदलण्याच्या प्रयोगासाठी सरकारी अनुदान मागितले, तेव्हा परीक्षकांनी हे घडणे शक्य नाही असा शेरा मारला आणि तो भाग सोडून देण्याचा सल्ला दिला. कापेकींनी बाकीच्या प्रकल्पांसाठी मिळालेला पैसा याच कामाला लावला. चार वर्षांनी ते पुन्हा अर्ज घेऊन गेले तेव्हा प्रयोग जमला होता. सल्ला न ऐकल्याबद्दल परीक्षकांनीच आनंद व्यक्त केला. ऑलिव्हर स्मिथीज यांनी स्वतंत्रपणे हीच वाट काढली होती. मार्टिन इव्हान्स यांनी १९८१ मध्ये उंदराच्या भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या काढून वाढवल्या होत्या. या तीन धाग्यांची वीण जमली आणि १९८९ पर्यंत ‘नॉकआउट’ उंदीर जन्माला आले. २००७ चे नोबेल या तिघांना मिळाले.

रीत समजायला सोपी आहे. तपकिरी उंदराच्या भ्रूणातल्या मूलपेशी घ्यायच्या. त्यांत मुद्दाम बिघडवलेल्या जनुकाचा तुकडा सोडायचा. हजारोंतल्या एखाद्या पेशीत तो तुकडा मूळ जनुकाच्या जागी जाऊन बसतो. औषधी चाळणी लावून तेवढ्याच पेशी निवडायच्या. त्या काळ्या उंदराच्या काही दिवसांच्या भ्रूणात टोचायच्या आणि तो भ्रूण दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात ठेवायचा. जन्मणारे पिल्लू काळ्या-तपकिरी ठिपक्यांचे, गोधडीसारखे. असे ठिपकेदार नर वाढवून काळ्या मादीशी जुळवायचे. पोटी पूर्ण तपकिरी पिल्लू आले, की बदललेले जनुक पुढच्या पिढीत उतरण्याची वाट खुली झाली. त्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असलेल्या नर-मादीचा संकर केला, की चारांपैकी सरासरी एका पिल्लात दोन्ही प्रती बंद असतात. या सगळ्याला एक-दोन वर्षे लागत. २०१३ पासून क्रिस्पर ही जनुकीय कात्री उंदरांवर वापरात आली आणि तेच काम काही महिन्यांवर आले.

ब्रेक नसलेली पिल्ले

आता पुन्हा त्या सलाईनकडे येऊ. निवोलुमॅबची गोष्ट अशाच दोन नॉकआउट उंदरांची आहे.

आपल्या प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशी जंतूंवर आणि बिघडलेल्या पेशींवर हल्ला करतात. १९८७ मध्ये या पेशींवर ‘सीटीएलए-४’ नावाचे एक प्रथिन सापडले. ते करते काय, यावर अनेक वर्षे वाद होता. काही संशोधकांना वाटे, तो टी-पेशीचा अ‍ॅक्सिलरेटर आहे. काहींना वाटे, ब्रेक आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या दोन गटांनी ते जनुक बंद केलेले उंदीर तयार केले. ती पिल्ले जन्मताना ठणठणीत दिसत. पण तीन-चार आठवड्यांत मरून जात. आतून पाहिले तर त्यांच्या हृदयात, स्वादुपिंडात, फुप्फुसांत टी-पेशींचे लोंढे घुसलेले. स्वतःच्याच सैन्याने केलेला तो संहार होता. वाद मिटला, सीटीएलए-४ हा ब्रेकच होता.

जेम्स अ‍ॅलिसन यांच्या मनात एक प्रश्न होता. हा ब्रेक जन्मभरासाठी काढून न टाकता औषधाने काही काळ सैल केला, तर टी-पेशी कर्करोगावर तुटून पडतील का? गाठ असलेल्या साध्या उंदरांना त्यांनी सीटीएलए-४ झाकणारे प्रतिपिंड दिले आणि गाठी विरघळल्या. हे संशोधन १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

तिकडे जपानमध्ये क्योटो विद्यापीठात तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेला १९९२ मध्ये ‘पीडी-१’ हे दुसरे जनुक सापडले होते. त्याचेही काम ठाऊक नव्हते. पेशींच्या मृत्यूशी त्याचा संबंध असावा, अशी समजूत होती. ते बंद केलेले उंदीर तयार झाले, तर पिल्ले महिनाभरात मेली नाहीत. वाढली, मोठी झाली. वय वाढल्यावर एका वाणाच्या उंदरांत सांधे आणि मूत्रपिंडे सुजली, ल्युपससारखा आजार दिसला. हे १९९९ मध्ये कळले. २००१ मध्ये त्याच गटाने दुसऱ्या वाणातले तेच जनुक बंद केले, तर तिथे हृदय फुगून निकामी होऊ लागले. म्हणजे पीडी-१ हाही ब्रेकच, पण मंद आणि बारीक काम करणारा. तो सैल केला तर सीटीएलए-४ पेक्षा कमी नुकसान व्हावे, हा अंदाज या उंदरांनीच दिला. अ‍ॅलिसन आणि होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

या उंदरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती डॉक्टरांना नीट समजायला मात्र अनेक वर्षे लागली. त्यांची हृदये सुजली होती. २०१६ मध्ये दोन्ही ब्रेक एकत्र सैल करणारी औषधे घेतलेल्या दोन रुग्णांचा हृदयाच्या स्नायूंच्या सुजेने मृत्यू झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली, तेव्हा जुन्या नॉकआउट उंदरांचे निष्कर्ष पुन्हा वाचले गेले. ही गुंतागुंत विरळा, शंभर रुग्णांत एकापेक्षाही कमी जणांना होणारी, पण जिवावर बेतणारी आहे. २०२१ मध्ये पीडी-१ पूर्ण बंद आणि सीटीएलए-४ अर्धे बंद असलेले उंदीर तयार करून हीच सूज प्रयोगशाळेत हुबेहूब उभी करण्यात आली. संधिवातात वापरले जाणारे अबाटासेप्ट हे औषध त्यावर उपयोगी पडते, असे त्या उंदरांत दिसले. त्या आधारावर आता माणसांत त्याची चाचणी सुरू झाली आहे.

माणसाची प्रतिपिंडे बनवणारा उंदीर

ब्रेक कुठला हे कळले, पण माणसात तो झाकायचा तर माणसाला सोसेल असे प्रतिपिंड हवे. निव्वळ उंदराचे प्रतिपिंड काय करते, याचा अनुभव १९८६ पासून गाठीशी होता.

१९९४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी यावर तोडगा काढला. उंदराची प्रतिपिंड बनवणारी स्वतःची जनुके नॉकआउट पद्धतीने बंद केली आणि त्या जागी काम करायला माणसाच्या प्रतिपिंडांच्या जनुकांचे मोठे तुकडे घातले. बाहेरून हा उंदीर इतरांसारखाच. पण त्याला एखादा परका पदार्थ टोचला, की त्याच्या रक्तात जे प्रतिपिंड तयार होते, ते मानवी असते. अशा उंदरांना माणसाचे पीडी-१ प्रथिन टोचले गेले आणि त्याला घट्ट चिकटणारी जी प्रतिपिंडे मिळाली, त्यातून निवडलेले एक म्हणजे आजचे निवोलुमॅब. सीटीएलए-४ झाकणारे इपिलिमुमॅबही अशाच उंदरातून आले. ते २०११ मध्ये आणि निवोलुमॅब २०१४ मध्ये वापरासाठी मंजूर झाले.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. बाटलीतल्या औषधात उंदराचा अंश नसतो. उंदराने फक्त साचा दिला. त्या साच्याचे जनुक हॅमस्टर या प्राण्याच्या, प्रयोगशाळेत वाढणाऱ्या पेशींत घालून मोठ्या टाक्यांमध्ये औषध तयार होते आणि गाळून शुद्ध केले जाते. नैतिक किंवा धार्मिक कारणाने शंका असलेल्या रुग्णाने डॉक्टरांना मोकळेपणी विचारावे, उत्तर देणे हे डॉक्टरांचे कामच आहे.

उंदराने न सांगितलेले, मुंबईने शोधलेले

या औषधाची नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. तिचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. तोंडाच्या कर्करोगाचा मोठा भार ज्या देशावर आहे, तिथल्या बहुसंख्य रुग्णांना हे परवडणारे नाही.

सुरुवातीच्या मानवी चाचण्यांत एक नोंद होती. रक्तातल्या टी-पेशींवरचे पीडी-१ अगदी कमी मात्रेतही मोठ्या प्रमाणात झाकले जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हाच धागा पकडला. डोके-मान भागातला कर्करोग उलटलेल्या किंवा बरा होण्यापलीकडे गेलेल्या १५१ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला तीन स्वस्त तोंडी औषधे दिली. दुसऱ्याला तीच औषधे आणि दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. एका वर्षानंतर पहिल्या गटातले १६.३ टक्के, तर दुसऱ्या गटातले ४३.४ टक्के रुग्ण हयात होते. २०२२ मध्ये हे निष्कर्ष जगासमोर आले.

त्याचा अर्थ नेमका समजून घ्यावा. या अभ्यासात कमी मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नव्हती. म्हणून २० मिलिग्रॅम आणि २४० मिलिग्रॅम सारखेच, असे त्यातून सिद्ध होत नाही. पण ज्याला पूर्ण मात्रा मिळणारच नाही, त्याच्यासाठी थोडे औषध काहीच नसण्यापेक्षा बरेच चांगले, हे दिसले. कुठला ब्रेक सैल करावा हे उंदरांनी सांगितले. किती औषध पुरेल हा प्रश्न मात्र माणसांतच सोडवावा लागला.

शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरे, पण शीत त्याच भांड्यातले असावे लागते. उंदीर हे दुसऱ्या भांड्यातले शीत आहे.

लेश-न्याहान नावाचा एक दुर्मीळ आजार आहे. त्यात मुले स्वतःचे ओठ आणि बोटे चावून जखमी करतात. त्याला कारणीभूत जनुक बंद असलेले उंदीर १९८७ मध्ये तयार झाले. ते मजेत खात-पीत राहिले. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात माणसाची फुप्फुसे चिकट स्रावाने भरून निकामी होतात. १९९२ मध्ये तेच जनुक बंद केलेल्या उंदरांची आतडी तुंबली, पण फुप्फुसे माणसासारखी बिघडली नाहीत. स्नायू लुळे करणाऱ्या एएलएस या आजाराचे जनुक घातलेले उंदीर १९९४ पासून आहेत. त्यांच्यात गुणकारी वाटलेली अनेक औषधे रुग्णांत फोल ठरली. अल्झायमरचे उंदीर तर कितीदा तरी ‘बरे’ झाले आहेत. रुग्णांच्या वाट्याला त्यातले फारच थोडे आले.

कारणे अनेक. उंदराचे आयुष्य लहान, तर आपले आजार वीस-तीस वर्षे आत मुरतात. प्रयोगशाळेतले उंदीर निर्जंतुक पिंजऱ्यांत वाढतात. २०१६ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवले, की त्यांची प्रतिकारशक्ती प्रौढ माणसापेक्षा नवजात बाळासारखी कोरी असते. दुकानातल्या उंदरांसोबत त्यांना ठेवले, की ती मोठ्या माणसासारखी होत जाते. शिवाय पीडी-१ च्या उदाहरणात पाहिले तसे, एका वाणात सांधे बिघडतात, दुसऱ्यात हृदय. एकाच वाणावर विसंबणे म्हणजे एकाच घरातली माणसे तपासून सगळ्या गावाबद्दल बोलण्यासारखे आहे.

केवळ उंदीरच चुकतात असेही नाही. मार्च २००६ मध्ये लंडनला सहा निरोगी स्वयंसेवकांना टी-पेशीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबणारे एक नवे प्रतिपिंड देण्यात आले. माकडांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकीच ही मात्रा होती. तरी काही तासांत सहाही जण अत्यवस्थ झाले, अवयव निकामी होऊ लागले. सगळे वाचले, पण त्यानंतर माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांचे नियम जगभर कडक झाले.

पिंजऱ्याचा हिशेब

दोन्ही प्रती बंद असलेले एक पिल्लू हवे असेल, तर सरासरी चार जन्मतात. दोन जनुके एकाच वेळी बंद हवी असतील, तर सोळांत एक. उरलेल्या अनेक पिल्लांचा प्रयोगाला उपयोग नसतो आणि बहुतेकदा त्यांना मारले जाते. हा हिशेब संशोधनाच्या बातम्यांत येत नाही, पण तो टाळता येणार नाही. सीटीएलए-४ नसलेल्या पिल्लांचे तीन-चार आठवड्यांचे आयुष्य वेदनेचे होते, हेही खरे.

१९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन कसोट्या मांडल्या. प्राण्याविना भागत असेल तर प्राणी वापरू नये, वापरायचाच तर कमीत कमी संख्येत आणि त्याला कमीत कमी यातना होतील अशा रीतीने. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती लागते. त्या समितीत संस्थेबाहेरचे सदस्यही असतात. त्यांच्या मंजुरीशिवाय एकही प्रयोग करता येत नाही.

उंदरांची संख्या कमी करण्याचे मार्गही निघाले आहेत. क्रिस्परमुळे पिढ्यांची साखळी लहान झाली. एखादे वाण सध्या नको असेल, तर उंदीर पोसत न बसता त्यांचे शुक्राणू किंवा भ्रूण गोठवून ठेवतात. याचा उपयोग कोविडच्या काळात जगाने पाहिला. करोना विषाणू पेशीत शिरताना एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरतो. साध्या उंदराचे एसीई-२ वेगळे असल्याने मूळ विषाणू त्याला बाधतच नव्हता. पण २००७ मध्ये आयोवा विद्यापीठात सार्सच्या अभ्यासासाठी मानवी एसीई-२ घातलेले उंदीर तयार झाले होते. पुढे त्यांची गरज संपली. २०२० मध्ये गोठवून ठेवलेल्या शुक्राणूंतून ते वाण पुन्हा जिवंत केले गेले आणि लशी व औषधे तपासायला जगभर पाठवले गेले.

प्राण्यांना पर्यायही पुढे येत आहेत. मानवी मूलपेशींपासून वाढवलेले इवलेसे अवयव, चिपवर वाढवलेल्या मानवी पेशी, संगणकीय प्रतिमाने. औषधाच्या मंजुरीसाठी प्राण्यांवरची चाचणी अनिवार्य असल्याची अट अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायद्यातून काढली. भारतानेही २०२३ मध्ये नियम बदलून अशा पर्यायांना जागा दिली. यकृताला एखादे औषध घातक आहे का, हे पेशींवर तपासता येईल. पण ब्रेक काढल्यावर साऱ्या शरीरात काय उलथापालथ होते, हे दाखवणारी चिप अजून नाही.

बातमी वाचताना, औषध घेताना

‘कर्करोगावर रामबाण उपाय सापडला, उंदरांवर प्रयोग यशस्वी’ अशी बातमी दर काही महिन्यांनी येते. ती घेऊन घरातले लोक डॉक्टरांकडे येतात, काही जण चालू उपचार सोडून त्या उपायामागे धावतात. अशी बातमी वाचताना चार प्रश्न विचारावेत. हा प्रयोग माणसांवर झाला आहे का? झाला असेल तर किती जणांवर? तुलनेसाठी दुसरा गट होता का? आणि मोजले काय, गाठीचा आकार की माणसाचे आयुष्य? पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती आशेची पहिली पायरी आहे, उपचार नव्हे. सीटीएलए-४ च्या उंदरांपासून पहिल्या मंजूर औषधापर्यंत सोळा वर्षे लागली. तीही यश मिळालेल्या संशोधनाला.

आणि ज्यांच्या घरी कोणाला ‘मॅब’ने संपणारी इम्युनोथेरपी चालू आहे, त्यांनी त्या उंदरांनी दिलेला इशारा लक्षात ठेवावा. ब्रेक सैल केला, की टी-पेशी कुठल्याही अवयवावर जाऊ शकतात. दम लागणे, छातीत दुखणे, धडधड, पापण्या जड होणे, दिवसातून अनेकदा जुलाब, डोळे पिवळे होणे, अंगभर पुरळ, न जाणारा थकवा, यांतले काहीही झाले तर ‘औषधाची उष्णता असेल’ म्हणून घरी बसू नये, जुलाबाची गोळी परस्पर घेऊ नये. उपचार करणाऱ्या विभागाला त्याच दिवशी कळवावे. रात्री-अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरांना औषधाचे नाव दाखवावे. शेवटचा डोस महिन्यांपूर्वी झाला असला, तरी दाखवावे. बहुतेक वेळा स्टिरॉइड वेळेवर सुरू केले, की ही सूज आटोक्यात येते.

डे-केअर कक्षात दुपार होत आलेली असते. सलाईन संपते. परिचारिका सुई काढून त्या जागी कापूस दाबून धरायला सांगते आणि पुढच्या तारखेचा कागद रुग्णाच्या हाती देते. त्या कागदावर औषधाचे नाव ठळक अक्षरांत लिहून घ्यावे आणि कागद खिशातच ठेवावा.